परवडेल ती मदत

जिन्याला होती त्यापेक्षा एक पायरी जास्त दिसली, आणि त्या बाईंनी विश्वासाने तिच्यावर पाय ठेवला. नव्या चष्म्यावर विश्वास ठेवायचाच असतो. मनगट प्लास्टरमध्ये घालून त्या दुकानात आल्या तेव्हा रागावलेल्यासुद्धा नव्हत्या, आणि तेच वहिनीला जास्त लागलं. चष्मा काउंटरवर ठेवत त्या म्हणाल्या, "बघा हो जरा. मलाच सवय नाही, की यालाच काही झालंय?"

यालाच झालं होतं. काच बसवताना वहिनीने तिरक्या नंबराचा कोन उलटा धरला होता. अशी चूक काल कामाला लागलेल्या माणसाने करावी. वहिनी तर या दुकानात इतकी वर्षं काचा घासून फ्रेमात बसवत होती, की आत्ताच्या मालकाचा शाळेतला पहिला चष्मासुद्धा तिच्याच हातचा होता.

मालकाने तिला आत बोलावलं. तिला सगळे वहिनीच म्हणत. नणंद तशी हाक मारायची, ती हाक आधी इमारतीने उचलली, मग दुकानाने. ज्या एकीची ती खरी वहिनी होती ती आता नव्हती. हाक मात्र राहिली होती.

"वहिनी, झोपता का तुम्ही?"

"झोपते की."

"कधी?"

"तुम्ही धंद्यातल्या अडचणी सांगत असता तेव्हा."

मालक हसला. मग हसणं पुसून म्हणाला, "मस्करी नाही. या महिन्यात झोपेचं काहीतरी करा. नाहीतर मशीनवर दुसरा माणूस बसवतो, तुम्ही बाहेर फ्रेमा पुसा. पगार कापणार नाही. पण उद्या कोणी गाडीखाली गेलं ना, तर मग मला झोप लागायची नाही."

त्याचं खरं होतं. आणि मशीन काढून घेतलं तर आपल्यात काय उरेल, हे वहिनीला माहीत होतं. बोटांखाली काच गोल होत जाते, कडा फ्रेमच्या खाचेत टक्कन बसते, तेवढ्या एका क्षणात तिचं या जगाशी पटायचं. बाकी वेळ तिचं आणि जगाचं जेमतेमच होतं.

डॉक्टरकडे ती जाऊन आली होती. गोळीने डोळे मिटले, पाय मिटले नाहीत. जाग यायची ती मागच्या खोलीत, उभ्यानेच, हात वन्संच्या रिकाम्या खाटेवर.

वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. लग्न न केलेली, जिभेला धार असलेली, आणि वहिनीचा नवरा गेल्यावर "आता आपण दोघी एकमेकींच्या बोडक्यावर" असं जाहीर करून बॅग घेऊन आलेली. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या. अंग गेलं, जीभ राहिली. उजवा हात थोडा हलायचा, त्यात चमचा असायचा. काही हवं असलं की खाटेच्या लोखंडी दांड्यावर चमचा वाजवायचा, टक टक. पहिल्या टकटकीला वहिनी आली नाही की दुसरी जरा रागाची.

आता खाट रिकामी होती. चमचा धुऊन स्वयंपाकघरात, इतर चमच्यांत मिसळून गेला होता; कोणता तो, हे वहिनीलाही ओळखता आलं नसतं. आणि टकटक चालू होती. खिडकीची कडी बघून झाली. नळदुरुस्तीवाला येऊन पाइपांना कान लावून गेला. "पाइप गप्प आहेत, बाई," म्हणाला, आणि पैसे न घेताच गेला. ते वहिनीला अजिबात आवडलं नाही.

परगावी असलेल्या लेकीला टकटक सांगायची सोय नव्हती. झोप येत नाही एवढंच सांगितलं.

"आई, मावशींचे पैसे आता वाचतात ना?" लेक म्हणाली. मावशी म्हणजे वन्संपाशी दिवसपाळीला असायची ती बाई.

"त्यातले अर्धे वन्संच्या पेन्शनचे होते. पेन्शन त्यांच्याबरोबर गेली."

"मग उरलेले अर्धे. ते डब्यात घालून ठेवायचे नाहीत. स्वतःसाठी मदत लाव. स्वयंपाकाला बाई, नाहीतर मालिश, नाहीतर मन मोकळं करायला कुणी. कशाने तुला खरंच बरं वाटेल ते बघ."

"तिन्ही लावते. आणि पैसे छापायला चौथा."

"आई!"

"एकच परवडेल गं."

"मग एकच. पण भाजी घेतेस तशी घे, दाबून, वास घेऊन. उगाच समोर आली म्हणून नको."

वहिनीने दाबून बघायला सुरुवात केली.

पहिली आली ती स्वयंपाकवाली. ऐसपैस बाई, दारातूनच आवाज आत यायचा. "किती जणांचं?"

"एकीचं. जरा मऊच शिजवा. तिखट नको. घास नुसता गिळता आला पाहिजे."

"दात तर दिसतायत तुमचे. चांगले आहेत."

हाताला चव होती. आयतं ताट समोर येण्याचं सुख वहिनीने आयुष्यात क्वचितच चाखलं होतं. पहिल्या दिवशी तिला भरून आलं. पण थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की जेवायच्या आधी आपण एक वाटी बाजूला काढतो, काट्याने ठेचतो, मागच्या खोलीत नेऊन ठेवतो. तिच्या आधी ते स्वयंपाकवालीच्या लक्षात आलं होतं.

"कोणासाठी ठेवता हो?"

"कोणासाठी नाही."

"मांजर आहे का?"

"नाही."

स्वयंपाकवालीने वाटीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, आणि आवाज प्रथमच खाली आणला. "बाई, मी तोंडाने फाटकी असले तरी काळजाने भित्री आहे." दुसऱ्या दिवशी तिला लांब कुठेतरी काम लागलं.

मग मालिशवाली. हात असे की, पाठीतल्या गाठी तिला न सांगता सापडायच्या. पण तिला उंच खाट हवी होती. "तुमच्या पलंगावर वाकून माझीच पाठ जाईल. ही मागची छान आहे की, कमरेच्या उंचीची." वहिनीला नाही म्हणायचं कारण सांगता येईना. वन्संच्या खाटेवर ती पालथी झोपली. खांदे सैल झाले. मानेतून काहीतरी वितळत खाली उतरलं. ही घ्यावी, तिला वाटलं, हीच घ्यावी.

"आता कुशीवर," मालिशवाली म्हणाली, आणि वहिनीने हलायच्या आत एक हात तिच्या खांद्याखाली गेला, एक कमरेखाली, आणि तिला वळवलं. अंगाला धक्का न लावता. अगदी जसं वळवायचं असतं तसं.

तोंड भिंतीकडे झालं. डोळ्यांच्या बरोबर समोर भिंतीचा रंग गेला होता. फार नाही, नखाएवढा. कोणीतरी रोज थोडं थोडं खरवडून तो गुळगुळीत केला होता. इतकी वर्षं खोली झाडली, पुसली, पण वहिनीने हे कधी पाहिलं नव्हतं. दिसलंच नसतं, त्यासाठी इथे पडावं लागतं. तिने आपलं नख तिथे टेकवलं. काच फ्रेमात बसावी तसं बसलं.

"थंडी वाजतेय का?" मालिशवालीने विचारलं. "काटा आलाय अंगावर."

"पुरे आज," वहिनी म्हणाली. पैसे पूर्ण दिले, पुन्हा बोलावलं नाही.

लेकीने सुचवलेली समुपदेशक तरुण होती. खोलीत दोन खुर्च्या, एक रोप, आणि रोपापेक्षा टवटवीत ती. ही पोर आपल्याला काय सांगणार, असं मनात धरूनच वहिनी बसली होती. पण पोरीने काही सांगितलंच नाही. ऐकत राहिली. वहिनी दुकानाबद्दल बोलली, चष्म्याबद्दल, त्या मनगटाबद्दल. मधेमधे तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती.

"कुठे पोहोचायचंय का?"

"घरी. कूस बदलायची वेळ झाली." तोंडातून निघून गेलं.

पोरीने वहीत काही लिहिलं नाही, मान तिरकी केली नाही. नुसतं विचारलं, "आत्ता त्यांच्यापाशी कोण आहे?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्या गेल्या, वय झालं होतं, तुम्ही खूप केलंत, असं सगळं लोक बोलले होते. त्यांच्यापाशी कोण आहे, हे एकानेही नाही.

"कोणी नाही."

"म्हणजे तुम्ही कोणावर सोपवून आलेल्या नाही."

"कोणावर सोपवणार?"

"आधी कोणावर सोपवत होतात?"

वहिनी उठली. पर्स उचलून, दारात थांबून म्हणाली, "पुढच्या वेळचे पैसे मी बहुतेक दुसरीकडे देणार. रागावू नका."

"नाही रागावत. काय झालं ते मात्र कळवा."

वन्सं आपल्या दिवसपाळीच्या बाईला इस्त्री म्हणायच्या. कपड्यावर सुरकुती नाही, चेहऱ्यावर नाही, बोलण्यात तर नाहीच. इस्त्री पूर्वी मोठ्या इस्पितळात होती, आणि तिथला एक नियम तिने या दोन खोल्यांतही लावला होता. पेशंटपाशी उभं राहून सगळं मोठ्याने सांगायचं: काय खाल्लं, किती पाणी, कोणती कूस, पाठ कशी आहे. समोरच्याने ऐकून "घेतला" म्हणायचं. मगच जायचं. याला चार्ज देणं म्हणतात. खाली पाव आणायला जायचं असलं तरी चार्ज. वन्सं वैतागायच्या. "मी काय पार्सल आहे का गं? सही-शिक्का पण घ्या!" पण इस्त्री चार्ज द्यायला विसरली की त्याच चमचा वाजवून आठवण करायच्या.

वहिनी तेव्हा दुपारी दुकान बंद झालं की घरी येऊन झोपायची. रात्र तिच्याकडे असायची, म्हणून दुपार हीच तिची रात्र. भिंतीपलीकडे इस्त्री जागी आहे, एवढ्यावर तिला गाढ झोप लागायची.

शेवटच्या संध्याकाळी इस्त्रीने चार्ज दिला. वहिनी म्हणाली, "घेतला." इस्त्रीच्या चपला जिन्यात वाजत होत्या, आणि वन्संचा श्वास थांबला. धडपड नाही, काही नाही. बोलता बोलता माणूस गप्प होतं तसं. पुढे देह नेणाऱ्यांनी देह नेला, कपाट आवरणाऱ्यांनी कपाट आवरलं. चार्ज कोणी मागितला नाही. तो वहिनीकडेच राहिला.

तिने इस्त्रीला फोन लावला. "मी बोलतेय. दुपारचं येता का? आठवड्यातले मोजकेच दिवस परवडेल मला."

"पेशंट कोण?"

वहिनीने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, "तेच."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग इस्त्री म्हणाली, "सध्या माझं सकाळचंच काम आहे. दुपारी येते."

आली तशीच, कडक घडीतली. हात धुतले, अॅप्रन बांधला, मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "द्या चार्ज."

"काय देऊ?" वहिनी हसायला गेली. "वेडेपणाच आहे हा. मी चहा करते, तुम्ही नुसत्या बसा."

"चार्ज घेतल्याशिवाय मी बसत नाही. खाणं?"

"...नाही."

"पाणी?"

"ग्लास भरून ठेवते. तसाच राहतो."

"कूस?"

"उशी बदलते. इकडून तिकडे. माहितीये, काही उपयोग नाही. तरी बदलते."

"श्वास?"

वहिनीने खाटेचा दांडा धरला. "थांबला. तुम्ही जिन्यात होतात तेव्हाच. मी हाक मारली नाही तुम्हाला."

"मारली असती तर आले असते वर."

"म्हणूनच नाही मारली. मला वाटलं, तुमच्या चपला वाजतायत तोवर सगळं होतं तसंच आहे."

इस्त्रीने मान हलवली. एखाद्याने ताप सांगावा आणि ऐकणाऱ्याने तो लक्षात ठेवावा, तशी. "घेतला," ती म्हणाली. "जा, झोपा."

वहिनी पुढच्या खोलीत आडवी झाली, आणि उठली तेव्हा गालावर उशीचे वळ होते आणि दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. ती धावत मागे आली. इस्त्री उभीच होती, चार्ज द्यायला.

"दुपारभर शांत. एकदाच वाजवलं. मी गेले. वहिनी कुठेय, विचारलं. झोपलीये म्हटलं. म्हणाल्या, घोरतेय की रडतेय? घोरतेय म्हटलं. मग ठीक, म्हणाल्या."

वहिनी खळखळून हसली, आणि हसता हसता तिच्या हातावरचे केस उभे राहिले. वाक्य वन्संचंच होतं. "खरंच म्हणाल्या?"

"चार्ज देताना मी खोटं बोलत नाही. आमच्यात त्याने नोकरी जाते."

"घेतला," वहिनी म्हणाली.

हात परत आले. प्लास्टरवाल्या बाईंचा चष्मा तिने सगळ्यात आधी नव्याने केला, कोन पुन्हा पुन्हा तपासून. मालक मागे येऊन उभा राहिला, आणि मशीनजवळचा दिवा नवा लावून गेला.

"काय लावलंस शेवटी?" लेकीने विचारलं.

"झोपायला बाई."

"म्हणजे?"

"ती जागते, मी झोपते."

"ही काय नवीन थेरपी आहे का?"

"जुनीच आहे. पण लागू पडली."

पूर्ण खरं नव्हतं ते. इस्त्री नसायची तेव्हा चार्ज वहिनीकडे असायचा, आणि तेव्हा टकटक ठरलेली. शिवाय एक नवंच दुखणं सुरू झालं होतं, आणि ते लेकीला काय, कोणालाच सांगण्यासारखं नव्हतं. झोप लागायच्या आधी भिंतीपलीकडून इस्त्रीचा आवाज यायचा, खालचा, सावकाश. मग ती गप्प व्हायची. कोणाचं तरी ऐकून घेताना माणूस गप्प राहतं तेवढा वेळ. मग इस्त्री हसायची. वन्सं होत्या तोवर जिच्या चेहऱ्यावर कधी सुरकुती पडली नव्हती, ती इस्त्री!

वहिनीला चक्क राग यायचा. एवढी वर्षं मी केलं, आणि माझ्या वाट्याला नुसता चमचा. गप्पा मात्र पगारी बाईशी. एका दुपारी तिने ठरवून भिंतीला कान लावला आणि तशीच झोपून गेली. उठली तेव्हा मान अवघडली होती.

"माझ्याबद्दल काही बोलतात का?" तिने शेवटी विचारलं.

"पेशंटचं पेशंटपाशी," इस्त्री म्हणाली.

महिना संपत आला तशी एकदा इस्त्री दारातच थांबली. "मला पूर्ण दिवसाचं काम आलंय. एक म्हातारी आहे, एकटीच. खाण्यापिण्याला सगळं आहे, पण दिवसभर पडून असते, कोणाशी अक्षर बोलत नाही. परवापासून जायचंय."

वहिनी म्हणाली, "बरं झालं. माझेही पैसे संपतच आले होते." तिला दिसलं: दुपारी जागं पडून राहणं, मग डुलकी, मग कोणाच्या तरी जिन्याला एक जास्तीची पायरी.

त्या दुपारीही तिला झोप लागली, हे त्यातल्या त्यात बरं. उठली, तोंड धुतलं, मागे गेली. इस्त्री अॅप्रनची घडी करून उभी होती.

"दुपारभर शांत. वाजवलं नाही. चार्ज घ्या."

वहिनी उशी उलटी करून ठेवू लागली.

"वहिनी, 'घेतला' म्हणा."

"नाही म्हटलं तर?"

"तर मला जाता येत नाही."

दोघी उभ्या राहिल्या. खिडकीतलं ऊन खाटेवरून खाली उतरलं, फरशीवर आलं. खालून कोणीतरी कोणाला तरी गाडी नीट लाव म्हणून ओरडत होतं. इस्त्री घाई करत नव्हती. तिने या कामात याहून जास्त वेळ उभं राहून काढला होता.

"मग घेऊन जा," वहिनी म्हणाली. बाहेर आभाळ आलंय, छत्री घेऊन जा म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

इस्त्री हसली नाही. "त्यांना विचारावं लागेल."

ती खाटेकडे वळली आणि जाता जाता दार लोटून घेतलं. वहिनी बाहेर उभी. आतून इस्त्रीचा आवाज आला, मग थांबला. पुन्हा आला. मग खूप वेळ काहीच नाही. वन्संनी हो म्हणावं, असं वहिनीला अगदी आतून वाटत होतं. नको म्हणावं, असंही तितक्याच आतून वाटत होतं. माझ्या वहिनीला सोडून मी कुठे जाणार, असं काहीतरी. असलं वाक्य त्यांनी जिवंतपणी कधी म्हटलं नसतं, तरीसुद्धा.

दार उघडलं.

"येते म्हणाल्या. तिथे बोलायला कोणी आहे का, एवढं विचारलं. आहे म्हटलं."

"माझ्यासाठी काही निरोप?"

"नाही."

वहिनीने ओठ घट्ट मिटले. मग खाटेपाशी जाऊन उभी राहिली, जशी रोज इस्त्री उभी राहायची तशी, आणि मोठ्याने म्हणाली, "पाणी कोमट लागतं. चहात साखर लपवून घालायची, डॉक्टरांनी नको म्हटलंय पण घालायची. टोमणे मारतील, लावून घ्यायचं नाही. पाठ चांगली आहे. एकही जखम होऊ दिली नाही मी."

"माहितीये मला."

"माहितीये. तरी सांगते."

"घेतला," इस्त्री म्हणाली.

वहिनीने जायला वाट करून दिली. अगदी भिंतीला चिकटून उभी राहिली, नेहमी एका माणसाला लागते त्याहून जास्त वाट सोडून. मग दाराबाहेर येऊन कठड्यावरून वाकली.

इस्त्री जिना उतरत होती. नेहमी खटखट उतरून दिसेनाशी होणारी बाई, आज एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत होती. डावा हात कोपरात वाकवून अंगापासून थोडा बाहेर धरला होता. वळणावर ती स्वतः भिंतीच्या बाजूला सरकली, कठड्याची बाजू मोकळी ठेवली, आणि क्षणभर थांबली, कोणाला दम खायला वेळ द्यावा तशी.

"सावकाश," वहिनी वरून म्हणाली.

दोघींपैकी एकीनेही वर पाहिलं नाही.